अंगणातल्या टबाचं पाणी

सातारा,
कोजागरी पौर्णिमा

चि. सौ. मृण्मयीस,


तू पाठवलेला फोटो पाहिला. नव्या घरासोबत मागच्या अंगणातला हॉट टबही तुमच्याकडे आला, त्यातलं पाणी दुधाळ झालंय, आणि दुकानात ते नितळ करायच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या आहेत. त्यातली कोणती घेऊ, असं तू विचारतेस. कोणतीच घेऊ नकोस. ते पाणी आधी काढून टाक. मागच्या मालकाने त्यात काय काय टाकलं, शेवटचं कधी बदललं, टब किती दिवस बंद पडून होता, यातलं काहीच तुला ठाऊक नाही. असं पाणी दुरुस्त करत बसू नये. फोनवर तू घाईत होतीस, म्हणून बाकीचं सविस्तर लिहिते. हे कागद टबाजवळच्या कपाटातच ठेव.

माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत गेली. विहिरीत निर्जंतुकीकरणाची टीसीएल पावडर पडते की नाही, क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टला पिवळा रंग येतो की नाही, हे बघण्यात. त्या कामाने एक गोष्ट मनात कायमची पक्की झाली, ती म्हणजे नितळ पाणी निर्धोक असेलच असं नाही. तळातले दगड मोजता येतील अशा विहिरीचं पाणी पिऊन गाव जुलाबाने आडवं होऊ शकतं. उलट बाजूने मात्र तुझ्या टबापुरतं तरी नातं बरंच भरवशाचं आहे. पाणी निर्जंतुक राखलं आणि फिल्टर वेळच्या वेळी धुतला, की नितळपणा आपोआप येतो. बाटलीतलं औषध बारीक कणांच्या गुठळ्या करतं आणि त्या फिल्टरमध्ये अडकतात. दोन दिवस पाणी छान दिसतं, पण ज्या कारणाने ते गढूळ झालं ते तिथेच असतं.

तुझा टब साधारण ४०० गॅलनचा, म्हणजे १५०० लिटरचा. त्यात चौघं बसलात तर माणशी पावणेचारशे लिटर पाणी आलं. ७५ हजार लिटरच्या पोहण्याच्या तलावात एवढीच दाटी करायची तर २०० माणसं उतरवावी लागतील. शिवाय तलावाचं पाणी गार असतं, तुझं ४० अंशांपर्यंत तापलेलं. गरम पाण्यात घाम येतो, कातडीवरचं तेल सुटतं, आणि ते सगळं जाळण्यात क्लोरीन खर्ची पडतो. त्यातून उरलेला क्लोरीन उष्णतेने आणि जेटच्या खळखळाटाने भराभर उडून जातो. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या झऱ्यांना गरम पाणी जमिनीतून सतत येतं आणि पुढे वाहून जातं. तुझ्या टबात तेच पाणी महिनोन् महिने फिरत राहतं. झऱ्याचं काम तिथे तुलाच करायचं आहे.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, तेही ऐक. लीजनेला नावाचा एक जंतू आहे. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं. तिथे न्यूमोनियासारख्या आजाराने माणसं दगावली, त्या तपासात तो पहिल्यांदा ओळखला गेला. साधारण २५ ते ४५ अंशांचं पाणी त्याला मानवतं, म्हणजे तुझ्या टबाचं तापमान बरोबर त्याच्या सोयीचं. तो पोटातून नाही, श्वासातून जातो. जेट चालले की पाण्यावर जो बारीक तुषार उठतो, तो छातीत गेला की पुरे. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे विक्रीसाठी मांडलेला एक टब नुसता चालू ठेवला होता. त्यात कुणी अंघोळ करत नव्हतं, लोक फक्त जवळून जात होते. तीनशेहून अधिक माणसं आजारी पडली आणि तिसाहून अधिक दगावली. इतक्या लांबचं उदाहरण नको असेल तर तुझ्याच राज्यातलं घे. सप्टेंबर २०१९ मध्ये अ‍ॅशव्हिलजवळच्या फ्लेचरला नॉर्थ कॅरोलायना माउंटन स्टेट फेअर भरली होती. तिथेही टबांची मांडणी होती, आणि तपासात आजाराचा संबंध त्या मांडणीजवळून जाण्याशीच लागला. सुमारे १४० जण आजारी पडले, चौघे गेले. दिखाव्यासाठी मांडलेल्या टबांचं पाणी कुणी गढूळ ठेवत नसतं, एवढं लक्षात घे.

पन्नाशीपुढची माणसं, धूम्रपान करणारी किंवा पूर्वी केलेली, मधुमेहाने किंवा औषधांनी प्रतिकारशक्ती कमी झालेली, यांना त्याचा धोका जास्त. माझा दादा सत्तरीचा आहे, त्याला मधुमेह आहे, आणि डिसेंबरात तो आणि वहिनी तुझ्याकडे यायचे आहेत. म्हणून पाण्याची घडी त्याआधी नीट बसलेली असू दे.

आता पाणी कसं काढायचं. पाइपांच्या आत बुळबुळीत थर धरलेला असतो, माठ बरेच दिवस घासला नाही की आतून हाताला लागतो तसाच. या थरात जंतू दडून राहतात आणि क्लोरीन वरवरच फिरतो. नुसतं पाणी ओतून नवं भरलं तर आठ दिवसांत पुन्हा हेच होईल. म्हणून पाइप साफ करण्याचं जे औषध मिळतं ते जुन्याच पाण्यात टाक. बाटल्यांच्या रांगेतली ही एक वस्तू खरोखर घेण्यासारखी आहे. फिल्टर बाहेर काढून ठेव आणि लेबलवर लिहिलेल्या वेळेपर्यंत सगळे जेट चालू ठेव. करड्या-तपकिरी रंगाचा मळ फेसाबरोबर वर येईल. घाबरू नकोस, तो बाहेर यावा म्हणूनच हे करायचं. मग घरातल्या पॅनेलमधून टबाचा वीजपुरवठा पूर्ण बंद कर, पाणी नसताना हीटर चालला तर जळतो. काढलेलं पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडू नये, ते प्रक्रियेशिवाय थेट ओढ्याला जातं. साफसफाईचं औषध मिसळलेलं पाणी घराच्या सांडपाण्याच्या नळीत सोड. पुढच्या वेळचं साधं पाणी क्लोरीन शून्यावर आल्यावर गवतावर सोडलंस तरी चालतं. मग आतली बाजू पुसून घे, कोपरे आणि झाकणाची खालची बाजूसुद्धा.

पुन्हा भरताना नळीचं तोंड फिल्टरच्या खळग्यात सोड, म्हणजे पाइपांत हवा अडकत नाही.

भरलेल्या पाण्याची मोजणी लगेच कर. आधी अल्कलिनिटी बघायची, ती ८० ते १२० पीपीएममध्ये असावी. पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम. कमी असेल तर खायचा सोडा टाकायचा, वेगळी महाग पावडर घ्यायला नको, बहुतेकदा तीही सोडाच असते. नंतर पीएच, म्हणजे आपला सामू, ७.२ ते ७.८. एक सवय मोडायला हवी. हॉट टबाचा पीएच सारखा वर चढतो, कारण जेटमुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. तो चढला की आम्ल टाकायचं, मग खूप उतरला म्हणून सोडा, पुन्हा चढला म्हणून आम्ल, या झटापटीत पाणी कधी स्थिर होत नाही. अल्कलिनिटी ८०च्या आसपास ठेव, म्हणजे चढण्याचा वेग मंदावतो. पीएच ७.८च्या वर गेला तरच हात घाल, आणि तेही थोडंथोडं. तू पाठवलेल्या चाचणीच्या पट्टीवर काठिण्य फार कमी दिसलं. पाणी इतकं मऊ असेल तर फेस लवकर येतो आणि धातूचे भाग खराब होतात. कॅल्शियम क्लोराइड टाकून ते १५० ते २५०च्या दरम्यान आण. दर वेळी नवं पाणी भरल्यावर एकदा एवढं केलं की झालं.

पीएचचा एवढा बाऊ का, तर क्लोरीनची मारक शक्ती त्यावर ठरते. ७.५ला पाण्यातल्या मोकळ्या क्लोरीनचा जवळजवळ अर्धा भाग हायपोक्लोरस आम्लाच्या, म्हणजे कामाच्या रूपात असतो. ८ला तो पावभर उरतो. मोजणीत आकडा तोच दिसतो आणि पाणी मात्र निम्मं निराधार झालेलं असतं.

आपल्याकडे नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन मिळाला की आम्ही समाधान मानत असू. तुझ्या टबात तो कधीही ३च्या खाली जाता कामा नये. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेचीही शिफारस हीच आहे, आणि ब्रोमीन वापरलंस तर किमान ४. दोहोंपैकी एकच धर. एकदा पाण्यात ब्रोमाइड गेलं की नंतर टाकलेला क्लोरीनही ब्रोमीनच तयार करतो, आणि मोजणीचा घोळ होतो. मी तुला क्लोरीनच सुचवीन.

पण कोणता क्लोरीन, हे बघून घे. मागच्या मालकाने ठेवलेली बादली वापरण्याआधी लेबल वाच. गोल वड्या असतील आणि ट्रायक्लोर लिहिलं असेल तर त्या पोहण्याच्या तलावासाठी असतात. त्या फार आम्लधर्मी असतात, इतक्या थोड्या पाण्यात हीटर आणि सील खाऊन टाकतात. त्या वापरू नकोस. पावडर डायक्लोर असेल तर ती सोयीची, लगेच विरघळते, पण तिच्यासोबत सायन्युरिक आम्ल पाण्यात जातं. १० पीपीएम क्लोरीनमागे साधारण ९ पीपीएम. क्लोरीन उडून जातो, हे आम्ल मात्र साठत राहतं आणि क्लोरीनला जखडून ठेवतं. उन्हातल्या तलावात त्याचा उपयोग असतो. झाकलेल्या टबाला ते नको, हॉट टबात सीडीसीनेही ते टाळायला सांगितलंय. म्हणून साधा, बिनवासाचा, घट्ट न केलेला पातळ ब्लीच घे. कपडे धुण्याच्या कपाटात असतो तोच, फक्त सुवासिक किंवा 'शिंतोडे न उडवणारा' असं लिहिलेला नको.

रोजचं काम इतकंच: टबातून बाहेर पडल्यावर, झाकण लावण्याआधी, मोजायचं आणि टाकायचं. सकाळसाठी ठेवायचं नाही. माणसं उठून गेलेली असतात तेव्हाच पाण्यावर सगळ्यात जास्त भार असतो, आणि रात्रभर जंतूंना ती मोकळीक मिळू द्यायची नाही. टाकल्यावर जेट पंधरा-वीस मिनिटं चालू ठेव आणि झाकण उघडं राहू दे, वाफेबरोबर जे वायू सुटतात ते झाकण कुजवतात. टबात कुणी बसलं नसेल तरी एक दिवसाआड मोजच. एक परीक्षा मला फार भरवशाची वाटते. रात्री मोजून झाकण लाव, सकाळी कुणी न बसता पुन्हा मोज. निम्म्याहून जास्त क्लोरीन गळाला असेल तर पाण्यात किंवा पाइपात काहीतरी त्याला खातंय. मग त्या रात्री भरपूर क्लोरीन द्यायचा, आणि तो पुन्हा खाली येईपर्यंत कुणी बसायचं नाही.

तुम्ही म्हणता, क्लोरीनचा वास फार येतो म्हणून कमी टाकतो. उलटं आहे. तो उग्र, डोळे चुरचुरवणारा वास मोकळ्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीतल्या नत्राशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतात, त्यांचा असतो. वास आला की क्लोरीन कमी पडतोय असं समज.

मोजायला पट्ट्या चालतील, पण डबी ओल्या हाताने उघडली की त्या बिघडतात. थेंबांची पेटी घे, डीपीडीवाली. आमची ओटी टेस्ट विहिरीला ठीक होती, ती एकूण क्लोरीन दाखवते, मोकळा किती ते सांगत नाही. डीपीडीचीही एक खोड ध्यानात ठेव. क्लोरीन फार जास्त असला तर गुलाबी रंग क्षणभर येऊन उडून जातो आणि नळी रंगहीन दिसते. शून्य आहे असं वाटून आणखी क्लोरीन टाकला जातो. शंका आली तर नमुन्यात क्लोरीन नसलेलं साधं पाणी मिसळून पुन्हा मोज.

आता आपल्या घरच्या सवयींचं. शनिवारी केसांना खोबरेल तेल चोपडून तू त्यावर टॉवेल बांधतेस, ते केस टबाजवळही नेऊ नकोस. दिवाळी तोंडावर आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे थंडीत अभ्यंग करून, उटणं लावून, सरळ गरम पाण्याच्या टबात शिरायचा मोह तुम्हा सगळ्यांना होईल. तो दिवस न्हाणीघरातच साजरा करा. तेल पाण्यावर तरंगतं, काठाला चिकट रेघ धरते, फिल्टरच्या घड्या बुजतात, आणि उटण्याचे कण पाइपात जाऊन बसतात. वहिनी गुडघ्यांना तिळाचं तेल चोळते, ते धुऊन मगच तिला उतरू दे. जपानमध्ये सार्वजनिक गरम पाण्यात शिरण्याआधी प्रत्येक माणूस बसून अंग स्वच्छ धुतो, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. तुझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना हे सांगायला संकोचू नकोस. पोहण्याचे कपडे साबण न लावता नुसत्या पाण्याने धू, त्यात राहिलेलं डिटर्जंट हे फेसाचं पहिलं कारण असतं.

फिल्टर आठवड्याला बाहेर काढून एकेका घडीतून पाण्याची धार मार. महिन्याला फिल्टरसाठीच्या द्रावणात रात्रभर बुडव. भांड्यांच्या साबणात नाही, तो घड्यांत राहतो आणि फेस करतो. दोन फिल्टर ठेव, एक वाळत असताना दुसरा चालू. वर्षाने नवा घे. मार्चअखेर-एप्रिलमध्ये तुमच्याकडे पाइनचे परागकण उडतात आणि गाड्या पिवळ्या होतात, त्या दिवसांत पाण्यावर पिवळा थर दिसेल. ते शेवाळ नव्हे. गाळून काढ आणि फिल्टर दोन-तीन दिवसांनी धू.

हिरवट झाक दिसली तर आधी तांबं आठव, आम्लामुळे हीटरमधून सुटतं. तपकिरी असेल तर लोह.

पाणी किती दिवसांनी बदलायचं याचा एक साधा हिशेब आहे. टबाचे गॅलन तिनाने भागायचे, येणाऱ्या उत्तराला रोज बसणाऱ्या माणसांनी भागायचं. ४०० गॅलन आणि दोघं असाल तर साधारण ६६ दिवस. दादा-वहिनी आल्यावर चौघं झालात की महिनाभरच. उन्हाळ्यात भारतात याल तेव्हा टब भरलेला आणि क्लोरीनशिवाय सोडून येऊ नका. रिकामा करून, पुसून, झाकण किंचित उघडं ठेवून या, आणि परतल्यावर पुन्हा पाइप साफ करूनच भरा. थंडीत मात्र रिकामा ठेवू नका, पाइपात राहिलेलं पाणी गोठून ते फुटतात.

दादाबद्दल. या टबाचा जन्मच दुखण्यातून झाला आहे. जकुझी हे इटलीतून कॅलिफोर्नियात आलेलं कुटुंब पंप बनवत असे. कँडिडो जकुझी यांच्या लहानग्या केनेथला संधिवात झाला होता, त्याला घरी न्हाणीतच शेक मिळावा म्हणून त्यांनी बुडवता येणारा पंप तयार केला आणि १९५६ मध्ये तो बाजारात आणला. तेव्हा दादाच्या गुडघ्यांना आराम पडेल यात मला शंका नाही. पण त्याच्या डॉक्टरांना आधी विचार. पाणी ४० अंशांच्या वर नको, त्याच्यासाठी ३८च पुरे. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढ, हळू उठू दे, आणि एकट्याला बसू देऊ नकोस. आणि तुझा ईशान चार वर्षांचा आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना टबात बसवायचं नसतं, तो कितीही रडला तरी. झाकणाला कुलूप लाव. टबात बसल्यावर दोन-तीन दिवसांत कुणाला लाल पुळ्या आल्या, किंवा पुढच्या दोन आठवड्यांत ताप, खोकला, धाप लागली, तर डॉक्टरांना टबाचं आवर्जून सांग. ते कळल्याशिवाय त्यांच्या डोक्यात लीजनेला येणार नाही.

औषधं ठेवताना एक कधी विसरू नकोस: आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. वेगवेगळ्या जातीच्या क्लोरीन पावडरी, अगदी एकाच ओल्या चमच्यातूनही, मिसळल्या तर पेट घेऊ शकतात. प्रत्येकाला वेगळा कोरडा चमचा ठेव. औषध नेहमी पाण्यात टाकायचं, औषधावर पाणी ओतायचं नाही. मागच्या मालकाच्या बादलीत त्या वड्या निघाल्या तर कचऱ्यात फेकू नकोस. काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर ओंकारला नेऊन द्यायला सांग.

नवं पाणी भरलंस की पहिले आठ-दहा दिवस रोज रात्रीचे आणि सकाळचे आकडे मला पाठवत जा: मोकळा क्लोरीन, पीएच, आणि किती जणं किती वेळ बसलात ते. त्यावरून तुझा टब किती क्लोरीन खातो ते मला इथे बसून सांगता येईल. दादाचं तिकीट २० डिसेंबरचं आहे, तोवर ते आकडे स्थिर झालेले मला बघायचेत.

ओंकारला आशीर्वाद, ईशानला गोड पापा.

तुझी,
आत्या